साखरी कुणाचं ऐकते

झाशी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९६१

आणि मी साखरीला फसवून आगगाडीत चढवलं असं तू गल्लीभर सांगत फिरतेस, ते बरं नाही अक्का. घोडी बापूदादाने विकली. पैसे त्याने मोजून घेतले, सही त्याने केली. मी नुसता दावं धरून पुढं चाललो. कुणीतरी चालायलाच पाहिजे होतं ना? घोडी घेणारे शिवाजीराव म्हणाले, घोडीबरोबर तिच्या ओळखीचा माणूस द्या, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि तू चुलीकडे बघत बसलीस. तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर मी राहिलो असतो. नाही, कदाचित नसतो राहिलो. एवढा वाढला तरी बसून खातो हे बापूदादाचं ऐकून ऐकून माझ्या कानाला घट्टे पडले होते.

आई मेलेल्या शिंगराला तू बाटलीने शेळीचं दूध पाजलंस, मान्य. ती तुझ्या मागं मागं पाणवठ्यावर यायची, मान्य. म्हणून काय दादाच्या गोठ्यातली घोडी तुझी होते? तुझा निरोप पोचला मला. जगूला म्हणावं पत्र धाडू नको, धाडलंस तर चुलीत घालीन. घाल. पण आधी वाच आणि मग घाल.

इथलं बरं चाललंय. शिवाजीराव माणूस चांगला. आपल्यातलेच, पण त्यांच्या पणज्याच्या पणज्यापासून झाशीत. घरात मराठी बोलतात आणि मधेच हिंदीत घसरतात. मला जगन्नाथ भैया म्हणतात. तबेला म्हटलेलं त्यांना चालत नाही, पागा म्हणायचं. काल दसऱ्याला पागेतल्या सगळ्या घोड्यांना हार घातले, गंध लावलं, आणि त्यांचे पूर्वज कुठल्या कुठल्या स्वारीत होते ते मला सांगितलं. आता त्याच घोड्या लग्नात भाड्याने जातात. इकडे नवरदेव घोडीवर चढल्याशिवाय वरात हलत नाही, आणि घोडीच लागते, घोडा नाही. पांढरी असली तर भाव जास्त. म्हणून आपली साखरी आणली. ग्यारसीनंतर, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर, लग्नं सुरू होतील तोवर तिला गर्दीची सवय करून द्यायची, हे माझं काम.

पागा ओरछा गेटाच्या आत आहे. गल्ली अरुंद. भिंतीपलीकडे एकजण पत्र्याचे डबे ठोकतो, दिवसभर ठोकतो. साखरी झकास आहे. चंदी खाते. मी तिच्या ठाणाशेजारीच झोपतो.

अक्षर वाकडं आलंय त्याला हसू नकोस. दाण्याची गोणी उचलताना उजव्या खांद्याला जरा लागलं.

एक विचारायचं होतं. घरी असताना कावळा उडाला तरी ती दचकायची का? मला आठवत नाही.

जगू


झाशी, कोजागिरीनंतर

उत्तर नाही आलं. माझं पत्र चुलीत गेलं असणार.

गोणीचं लिहिलं होतं ते तसं नव्हतं. पण तू दादाला सांगू नकोस, तो खूष होईल.

अक्का, ती पहिली साखरी राहिली नाही. पागेत आली त्या दिवसापासून तिचे कान एका जागी नाहीत. पलीकडे डबा वाजला की भिंतीला अंग घासते, घासून घासून कुल्ल्यावरचं कातडं गेलंय. माणूस दारात आला की आधी पांढरे डोळे दिसतात आणि मग पाय. खरारा करू देत नाही. खोगीर दाखवलं तरी घामाने भिजते. शिवाजीराव पाठीवर हात ठेवायला गेले तर त्यांच्या टोपीचा लचका तोडला. ते म्हणाले, "अरे जगन्नाथ, तू म्हणालास गाय आहे गाय! ही तर बला आहे जी!" मी म्हणालो, नवीन जागा आहे, होईल ओळख. मी असं बोललो की ते माझ्याकडे विश्वासाने बघतात. त्याचीच मला भीती वाटते.

इथं एक म्हातारा मोतद्दार आहे, सगळे त्याला कक्का म्हणतात. इकडचाच, बुंदेली बोलतो. तो म्हणाला, "इए कछू लग गओ है." म्हणजे हिला काहीतरी झपाटलंय. म्हणाला, शुक्रवारी लक्ष्मी तालावर महालक्ष्मीच्या देवळासमोर उभी कर, लिंबू उतरवून टाक. मी नेलं. तुला हसू येईल, पण तू इथं असतीस तर तूही नेलं असतंस.

देवळापर्यंत गेली. लिंबूही उतरवलं. परत फिरताना तळ्याच्या काठावर धोब्यांनी लुगडी वाळत घातली होती. वारा आला. लाल लुगडं एकदम फुगलं आणि साखरी सुटली. मी दावं हाताला गुंडाळलं होतं. गुंडाळू नये हे तू मला शंभरदा सांगितलंस, माहीत आहे. दगडातून फरफटत नेलं मला. खांदा निखळला तेव्हा दावं सुटलं, नाहीतर काय झालं असतं ते लिहीत नाही. हाड बसवणाऱ्याने खांदा बसवला. बसवताना मी ओरडलो त्याने पलीकडचा डबेवालासुद्धा बघायला आला.

ती कुठं सापडली म्हणशील तर ओरछ्याच्या रस्त्याला एका बांधावर. एक गवत कापणारी बाई तिचा कान खाजवत उभी होती. मला म्हणाली, "तुमाई घुरिया है? जा तौ बड़ी सूदी है." सूदी म्हणजे गरीब. मी हात गळ्यात बांधून, रक्ताने माखून उभा, आणि ही म्हणते गरीब आहे! मनात म्हटलं, पळून पळून दमली असेल, म्हणून उभी राहिली.

पण एक गोष्ट मला कळली. ती फडफडणाऱ्या कापडाला बिथरते. लुगडं, पदर, ओढणी. मी शिवाजीरावांना सांगितलं की पागेत एकही बाईमाणूस येता कामा नये. शेण उचलायला एक म्हातारी यायची, तिला बंद केलं. पाणी भरणारीला बंद केलं. शिवाजीरावांच्या पत्नी राधाबाई कधीतरी गूळ घेऊन यायच्या, त्यांनाही मी दारातून परत पाठवलं. त्यांना राग आला. आला तर आला. आता सगळं मीच करतो आणि कक्का करतो.

तू एक ओळ लिहिलीस तर बरं होईल. साखरीबद्दल लिही. माझ्याबद्दल नको लिहूस.

जगू


झाशी, दिवाळीचा पाडवा

तुझ्याकडे दिवे लागले असतील. इथं फटाके लागले. चार दिवस गल्लीत पोरं लवंगी लावत होती आणि मी साखरीच्या कानात कापूस कोंबायला तिच्याजवळ जाऊ शकलो नाही. ठाणाशेजारी झोपतो असं लिहिलं होतं, ते पहिले दोन-तीन दिवस. आता बाहेर ओसरीवर झोपतो. चंदीचं घमेलं मी बांबूने आत सारतो. हे वाचून तुला जे म्हणायचंय ते म्हण, मी इथून ऐकतोच आहे.

मला तिची भीती वाटते अक्का. आधी लाज वाटत होती, आता लाज गेली आणि नुसती भीती उरली. घरी तिचं सगळं तू करायचीस. मी बसायचो तेव्हासुद्धा म्होरकी तुझ्या हातात असायची. शिवाजीरावांना हे कुठं माहीत?

चुनाभट्टीवाला येऊन गेला. त्याच्या गाड्यांना जनावरं लागतात, पांगळी-आंधळी कसलीही घेतो, मरेपर्यंत दगड ओढवतो. त्याने साखरीचे दात बघायला मागितले. तिने बघू दिले नाहीत तर हसला. म्हणाला, "हमाए इतै सब सूदी हो जात." शिवाजीराव त्याला नको म्हणाले नाहीत. म्हणाले, ग्यारसीनंतरचं पहिलं लग्न होऊ दे, मग बघू.

ते लग्न ठरलंय. मऊरानीपूरचे धान्याचे आडते आहेत, आता ओरछा गेटापाशी दुकान आहे, त्यांच्या मुलाचं. पांढरीच घोडी पाहिजे म्हणून आगाऊ सांगून गेले. मागल्या साली दुसऱ्या कुणाच्या घोडीवरून एक नवरदेव पडला होता, अजून काठी घेऊन चालतो. मी त्याला बाजारात पाहिला. पायाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि पायाकडेच बघितलं.

आणि इथली एक रीत ऐक. वरात निघताना नवऱ्या मुलाची बहीण येते. घोडीला आपल्या हाताने भिजवलेली चण्याची डाळ चारते आणि मग लगाम धरून उभी राहते. त्याला बाग धरणं म्हणतात, लगामाला इथं बाग म्हणतात. भावाने नेग दिलं, म्हणजे तिच्या हक्काची ओवाळणी दिली, की ती बाग सोडते. तोवर सोडत नाही. भाऊ घासाघीस करतो, ती हटून बसते, सगळे हसतात. मला हसू नाही आलं. भरजरी पदर, हातभर बांगड्या, घुंघट वाऱ्यावर उडतोय, अशी बाई साखरीच्या तोंडाशी उभी राहणार. मी म्हणालो ही रीत ह्या वेळी सोडून द्या. शिवाजीराव माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी नवऱ्यालाच सोडून द्या म्हणालो.

आता आज काय झालं ते.

सकाळी कुणीतरी भिंतीपाशी सुतळी बॉम्ब लावला. साखरीने खुंटा उपटला आणि दार मोडून थेट घरातल्या अंगणात शिरली. अंगणात राधाबाई एकट्या. पाटावर बसून करंज्यांचं पीठ मळत होत्या. नऊवारी नेसतात त्या अजून, पदर सैल सुटलेला. मी दारात पोचलो आणि दारातच थांबलो. मी डोळे मिटले, अक्का. मोतद्दार म्हणवतो आणि डोळे मिटून उभा राहिलो.

मग ऐकू आलं, "काय गं भवाने! कुणी बोलावलं तुला इथं? हो मागं! हो म्हणते ना! पिठात पाय घालशील सटवे, ह्या सणाच्या दिवशी!"

डोळे उघडले तर राधाबाई पिठाच्या हाताने तिचं नाकाड ढकलत होत्या आणि साखरीचे दोन्ही कान पुढं. इतक्या दिवसांत पुढं झालेले कान मी पहिल्यांदा बघितले. तिने मान खाली घातली, लांब श्वास सोडला आणि राधाबाईंच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. पदर तिच्या डोळ्यावर उडत होता. तिने डोळासुद्धा हलवला नाही.

राधाबाई मला म्हणाल्या, "ही कसली रे तुझी बला? ही तर लेकरासारखी अंगचटीला येते." पिठाच्या हाताने तिला ठाणापर्यंत नेलं त्यांनीच, बोलत बोलत. मला वाटेत बोलल्या ते वेगळं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या कानावर जन्मल्यापासून बाईमाणसाचा आवाज. तुझाच. तू तिला दिवसभर घालून पाडून बोलायचीस आणि ती जवळ जवळ यायची. गवत कापणाऱ्या बाईपाशी म्हणूनच उभी राहिली. आणि मी इथं आल्या आल्या एका लाल लुगड्याला भिऊन पागेतून सगळ्या बायका हाकलल्या. उरलो आम्ही बाप्ये. कक्काचा खोकला, शिवाजीरावांची डरकाळी, आणि मी. मी तर तिच्याशी बोलतच नव्हतो, भीतीने.

शेणवाल्या म्हातारीला उद्यापासून परत बोलावलंय. पण वरातीत सगळे पुरुष असतात. बायका गल्लीच्या तोंडाशी थांबतात. तिथून पुढं बँड, गॅसबत्त्या, फटाके, आणि मी.

तू तिला काय काय बोलायचीस ते लिहून धाड. एकूणएक शिव्या धाड. हसू नकोस. लवकर धाड.

जगू


झाशी, लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारी

टपाल येऊन गेलं. तुझं काही नव्हतं.

मी शिवाजीरावांकडे गेलो होतो. हात जोडून म्हणालो, उद्या राधाकाकींना घोडीच्या तोंडाशी चालू द्या, फक्त मुलीच्या दारापर्यंत. ते आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग लाल झाले. "आमच्या घरातली बाई आडत्याच्या वरातीत घोडी धरून चालेल? भर बाजारात? आमचे पूर्वज पागेचे सरदार होते जी, आणि तू..." पुढं हिंदीत बोलले ते लिहीत नाही. राधाबाई आतल्या दारात उभ्या होत्या. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "मी आले असते रे. पण हे बाराही महिने ऐकवतील." आणि मला चिवडा दिला.

मग ठरवलं, आपणच तसं बोलायचं. राधाबाई आता रोज सकाळी तिच्याशी बोलतात, तेव्हा ती खोगीर घालू देते, हार घालू देते. त्या आत गेल्या की मी जातो आणि त्यांच्यासारखं सुरू करतो. काय गं भवाने, काय गं सटवे. माझा आवाज चिरका होतो. साखरीचे कान मागं पडतात. काल पाय झाडला, माझ्या मांडीपासून एवढ्याशा अंतरावरून गेला. कक्का तिथं विडी ओढत बसला होता. म्हणाला, "मौड़ा, तुम तौ खुदई काँप रए. बा तुमाई बात सुने कै तुमाओ काँपबो?" माझं बोलणं ऐकेल का माझं कापणं, असं.

खरं आहे त्याचं.

मी कक्काला म्हणालो, तुम्ही धरा उद्या. तो म्हणाला, माझे गुडघे गेलेत, आणि घोडीबरोबर माणूस तुमच्याकडून आलाय, मी का मरू?

अक्का, मी पळून जाईन असं आज सकाळपासून वाटतंय. मऊरानीपूरची मोटार पकडून कुठंतरी. पण मी गेलो तर उद्या दुसरा कुणीतरी तिला चाबकाने नेईल, ती कुणाला तरी पाडेल, आणि मग चुनाभट्टी. त्या नवऱ्या मुलाला मी परवा पाहिलं. माझ्याच वयाचा असेल. अंगाने बारीक, चष्मा लावतो, घोडीवर कधी बसलेला नाही. मला विचारत होता, "भैया, गिराएगी तो नहीं?" मी म्हणालो, नाही. दुसरं काय म्हणणार?

चिवडा तसाच आहे.

जगू


झाशी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी

जिवंत आहे. तो चष्मेवालाही जिवंत आहे, आणि त्याचं लग्न लागलं. आधी एवढं लिहितो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

दिवेलागणीला साखरीला घेऊन आडत्याच्या दारात गेलो. राधाबाईंनी स्वतः हार घातला होता, तोंडाने बोलत बोलत, म्हणून तिथवर आली. दारात बँड सुरू झाला आणि ती कापायला लागली. कातडीखाली पाणी उकळावं तसं. माझा उजवा हात अजून वर जात नाही, डाव्या हाताने लगाम धरला होता आणि तो हात घामाने घसरत होता. नवरदेवाला चढवलं. सेहऱ्याच्या झालरीमागं त्याला काही दिसत नव्हतं, त्यात चष्मा. मानेचे केस दोन्ही मुठीत धरून बसला. मला वरून विचारतो, "भैया, यह काँप क्यों रही है?" मी म्हणालो, थंडी है.

मग बहीण आली. सरला नाव तिचं, थोरली, लग्न होऊन मऊरानीपूरला दिली आहे. चांगली भरलेली बाई, कपाळभर घुंघट, हातात डाळीची थाळी. ती जवळ आली आणि कुठल्यातरी कार्ट्याने नेमकी त्याच वेळी फटाक्यांची माळ पेटवली.

साखरी उठली. पुढचे दोन्ही पाय वर. मला आभाळात तिचं पोट दिसलं, तिच्यावर नवरा लटकलेला. लोक ओरडत मागं सरले. थाळी पडली. लगाम माझ्या हातातून निसटला, निसटलाच, मी धरून ठेवला असं खोटं लिहीत नाही. पण दुसऱ्या बाजूने सरला लोंबकळत होती. तिने सोडला नाही. घुंघट मागं पडला, केस सुटले, आणि ती साखरीच्या तोंडावर ओरडली, "काए री! ठाँड़ी रै! हमाओ नेग मिले बिना कितै चली? ठाँड़ी रै, रांड!"

ठाँड़ी रै म्हणजे उभी राहा. आणि साखरी खाली आली अक्का. चारी पाय खाली. कान पुढं. सरलाने सांडलेली डाळ ओच्यात गोळा केली आणि शिव्या देत देत तिला चारली, आणि साखरीने नाक तिच्या पदरात खुपसलं. सगळे हसायला लागले. नवरदेव तेवढा हसला नाही.

मग घासाघीस. भाऊ वरून म्हणतो पाच घे. ती म्हणते, मी जीव वाचवला तुझा, गळ्यातला हार पाहिजे. सात. हार. लोक हसतायत, बँडवाले ताटकळलेत, आणि मी मनात म्हणतोय देवा, ह्या नवऱ्याला आणखी कंजूष कर, पहाटेपर्यंत हे असंच चालू दे, ह्या बाईला लगाम सोडू देऊ नकोस. पण अकरा देतो म्हणाला आणि तिने सोडली.

गल्लीच्या तोंडाशी बायका थांबल्या. मी सरलाला म्हणालो, "जिज्जी, थोड़ा और चलो. बस थोड़ा." ती म्हणाली, "मैं बारात में जैहों? पगला गए का?" मग माझ्याकडे नीट बघितलं. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत नाही. हळू म्हणाली, "चुप्प न रइयो भैया. बोलत जइयो ऊसें." गप्प राहू नकोस, तिच्याशी बोलत जा, एवढं सांगून गेली.

पुढं बाजार. दोन्हीकडून गॅसबत्त्या, वर माड्यांवर माणसं, आणि बायकांपैकी एकही नाही. साखरीने मान वळवून गल्लीकडे बघितलं. मी बोलायला लागलो. आधी तुझ्या शिव्या, जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या. काय गं भवाने, काय गं सटवे, खाते माझ्या घरचं आणि हुंगते शेजारचं. आवाज चिरकाच होता. मागचा ढोलवाला म्हणाला, "अरे, इन पै तौ कोनउ डुकरिया सवार है!" ह्याच्या अंगात म्हातारी आलीय. बँडभर हशा. मी थांबलो नाही. शिव्या संपल्या तेव्हा तिला बापूदादाचं सांगायला लागलो. मग मी घरून निघालो तेव्हाचं सांगायला लागलो. तू चुलीकडे बघत बसली होतीस ते सांगितलं, तुझ्या नावाने तिलाच बोललो, की कसली गं तुझी आई, एक ओळ धाडायला हात झिजतो तिचा. तेव्हा आवाज कापत नव्हता. रागाने चढला होता. आणि साखरीचा एक कान माझ्याकडे वळला.

वळणावर अनार, म्हणजे आपले भुईनळे, लावले होते. ठिणग्या तिच्या पायापर्यंत आल्या. ती थरथरली आणि माझ्या छातीला तोंड टेकवलं. मीही थरथरत होतो. पण दोघंही चालत राहिलो. मी तिला म्हणत राहिलो, चल गं, चल माय, पाय उचल.

मुलीच्या दारात नवऱ्याला उतरवलं तेव्हा त्याच्या मुठीत साखरीचे केस राहिले होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेमका दुखऱ्या. मी भिंतीच्या आडोशाला गेलो आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं.

सकाळी शिवाजीरावांनी चुनाभट्टीवाल्याला परत पाठवलं. मला म्हणाले, "घोडी चांगली आहे जी, तू उगाच घाबरवत होतास." पुढचं लग्न परवा आहे. ते मोठं आहे, दोन बँड. भीती गेली म्हणशील तर नाही गेली. आता कळलंय की ती जाणार नाही, तिच्यासकट बोलत जायचं. पण माझ्याकडच्या शिव्या काल संपल्या. तेवढ्या तरी धाड. राधाबाईंच्या शिव्या सोवळ्या आहेत, त्या बाजारात पुरत नाहीत.

आडत्याने मला बक्षीस दिलं. सरलाला दिलं तेवढंच, कारण तीच बापाला म्हणाली की बाग आम्ही दोघांनी धरली होती. मी खरं ते सांगितलं, की मी नव्हती धरली. ती म्हणाली, मग ज्याने धरली त्याला दे.

बाजारभर ती तुझ्या शिव्यांनी धरली, तेव्हा मनीऑर्डर तुझ्या नावावर केली आहे, दादाच्या नाही. हे नेग आहे. इथं भावाने नेग दिलं की बहीण बाग सोडते. तू पैसे घे आणि सोडू नकोस. अकरा रुपये.